विश्लेषण : मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावरील लेझर आजही का गरजेचे? बेंबळीसारख्या गावातील रुग्णांसाठी इंजेक्शनपेक्षा ते भरवशाचे का?

मधुमेहामुळे जाणारी दृष्टी वाचवण्यासाठी लेझरचा उपयोग होतो, हे सिद्ध होऊन जवळपास पन्नास वर्षे झाली. डोळ्यात द्यायची नवी इंजेक्शने आल्यानंतर लेझरचे दिवस संपले असे वाटू लागले होते. प्रत्यक्षात तसे झाले नाही. विशेषतः जो रुग्ण ठरल्या तारखेला पुन्हा दवाखान्यात येईलच याची खात्री नाही, त्याच्यासाठी लेझरचे महत्त्व नव्याने लक्षात आले आहे. धाराशिव जिल्ह्यातील बेंबळीसारख्या गावांत असे रुग्ण अधिक असतात.

बेंबळीचा संबंध काय?

बेंबळी हे धाराशिव तालुक्यातले, जिल्ह्याच्या ठिकाणापासून साधारण वीस-पंचवीस किलोमीटरवरचे मोठे गाव. आसपासच्या वाड्यावस्त्यांचे व्यवहार इथे चालतात, पोलीस ठाणेही इथेच आहे. अशा गावात आज शुगर तपासणे अवघड राहिलेले नाही. तीस वर्षांपुढील प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी करणे हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे. आशा सेविका घरोघरी जाऊन अर्ज भरून घेतात, सरकारी आरोग्य केंद्रात गोळ्याही मिळतात. अडते ते पुढे. मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झाला आहे का, हे पाहायला बाहुली मोठी करून आतला भाग तपासावा लागतो. दोष आढळलाच तर लेझरसाठी धाराशिव, लातूर किंवा सोलापूर गाठावे लागते.

धाराशिव, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद, हा निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार होती आणि त्यातील बहुतांश लोक खेड्यांत राहणारे. जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०२२ मध्ये. त्याआधी गुंतागुंतीच्या आजारासाठी लातूर नाहीतर सोलापूर हाच रस्ता होता, आणि पडद्याच्या डॉक्टरांसाठी अनेक जण आजही तोच धरतात.

आजार किती पसरला आहे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राष्ट्रीय मधुमेह व डायबेटिक रेटिनोपॅथी सर्वेक्षण २०१५ ते २०१९ या काळात पन्नास वर्षांपुढील व्यक्तींमध्ये झाले. मधुमेह असलेल्यांपैकी १६.९ टक्क्यांच्या पडद्यावर त्याचा परिणाम दिसला. ३.६ टक्के रुग्णांची दृष्टी धोक्यात होती. टक्केवारी लहान वाटते, पण दहा कोटींच्या हिशेबात ती लहान राहत नाही. याच सर्वेक्षणातला आणखी एक आकडा अधिक अस्वस्थ करणारा आहे. मधुमेहींपैकी सुमारे ९० टक्के जणांच्या पडद्याची या कारणासाठी एकदाही तपासणी झालेली नव्हती.

मधुमेह शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार ही समजूत आता टिकत नाही. मुंबईत धारावीसारख्या वस्त्यांमध्ये आदित्य ज्योत संस्थेने केलेल्या अभ्यासातही पडद्याच्या विकाराचे प्रमाण मधुमेहींमध्ये सुमारे १५ टक्के आढळले होते.

डोळ्यात नेमके काय बिघडते?

डोळ्याच्या आतल्या बाजूला प्रकाश टिपणारा पातळ थर असतो. तो दृष्टिपटल, बोलीभाषेत ‘पडदा’. शरीरात सर्वाधिक ऑक्सिजन खाणाऱ्या ऊतींपैकी तो एक. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. काही वाहिन्यांना फुगवटे येतात, काहींतून पाणी आणि चरबी झिरपते, काही बंदच पडतात.

झिरपणारे पाणी पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे वाचायला आणि चेहरे ओळखायला लागणाऱ्या ‘मॅक्युला’वर साचले तर तिथे सूज येते आणि नजर अंधुक होते. दुसरा प्रकार अधिक घातक. रक्तवाहिन्या बंद पडल्याने पडद्याचा मोठा भाग ऑक्सिजनविना गुदमरू लागतो. तो भाग ‘व्हीईजीएफ’ नावाचे प्रथिन सोडतो. रक्त कमी पडते आहे, नव्या वाहिन्या हव्यात, असा हा निरोप असतो. त्यानुसार नव्या वाहिन्या उगवतात, पण त्या नाजूक आणि भलत्याच जागी. एखाद्या दिवशी त्या फुटतात आणि डोळ्यात रक्त उतरते. कधी त्यांच्याभोवती तयार झालेले धागे आकसून पडदाच ओढून सोडवतात.

यातली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे दुखत काहीच नाही. नव्या वाहिन्या उगवलेल्या असतानाही रुग्णाला तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येऊ शकते. पेपर वाचता येतो, मोटारसायकल चालवता येते, मग डॉक्टरकडे कशाला जायचे? लेझर सर्वांत जास्त उपयोगी पडते ते नेमके याच टप्प्यावर.

लेझर काय करते?

ग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हे मराठी घरात प्रत्येक आजीने सांगितलेले असते. पडद्यावरील प्रकाश-उपचाराची सुरुवात त्याच धोक्यातून झाली. १९४५ च्या सूर्यग्रहणानंतर पडदा भाजलेले डोळे जर्मन नेत्रतज्ज्ञ गेर्ड मायर-श्विकेराथ यांच्या पाहण्यात आले. प्रकाशाने पडदा भाजतो, तर ठरवून, मोजून भाजून उपचार का करू नये, असा विचार त्यांनी केला. आधी त्यांनी आरशांच्या साहाय्याने खुद्द सूर्यप्रकाश वापरला, नंतर झेनॉन दिव्याचे यंत्र आले. १९६० मध्ये लेझरचा शोध लागला आणि त्या दशकाच्या अखेरीस आर्गॉन लेझर नेत्रोपचारात आला. आज बहुतेक ठिकाणी हिरव्या प्रकाशाचे लेझर वापरतात.

नव्या वाहिन्यांसाठी जे लेझर करतात त्यात पडद्याचा मध्यभाग सोडून कडेच्या भागावर ठिपके दिले जातात. पारंपरिक पद्धतीत एका डोळ्यात साधारण १२०० ते १६०० ठिपके, तेही दोन-तीन बैठकांत. प्रत्येक ठिपक्याच्या जागी पडद्याचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. ऑक्सिजन खाणारी तोंडे कमी झाली की उरलेल्या पडद्याला तो पुरू लागतो, ‘व्हीईजीएफ’ घटते आणि नव्या वाहिन्या सुकतात. दुष्काळात कडेची झाडे तोडून मधली बाग जगवावी, तसा हा व्यवहार. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तो वेगळा समजावून सांगावा लागू नये.

म्हणूनच लेझरची किंमतही मोजावी लागते. कडेची नजर थोडी कमी होते. अंधारात किंवा उजेडातून सावलीत आल्यावर दिसायला वेळ लागतो. काहींच्या मध्यभागाची सूज काही काळ वाढते. हे रुग्णाला आधी सांगायला हवे, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमके तेच राहून जाते.

पुरावा काय?

अमेरिकेत १९७१ मध्ये ‘डायबेटिक रेटिनोपॅथी स्टडी’ सुरू झाली. १७०० हून अधिक रुग्णांच्या एका डोळ्यावर प्रकाश-उपचार करायचा आणि दुसरा तसाच ठेवायचा, अशी तिची रचना होती. १९७६ मध्ये हाती आलेले निष्कर्ष इतके स्पष्ट होते की, उपचार न केलेल्या, पण जोखमीच्या डोळ्यांनाही उपचार देता यावा म्हणून अभ्यासाचे नियम मध्येच बदलावे लागले. तीव्र दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले होते. पुढे १९८५ मध्ये दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने मध्यभागाच्या सुजेवरही लेझरने नुकसान निम्म्यावर येते, हे दाखवले.

इंजेक्शने आली, मग लेझर कशाला?

‘व्हीईजीएफ’ला थेट रोखणारी औषधे, म्हणजे बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, या शतकात नेत्रोपचारात आली. ती डोळ्याच्या आत इंजेक्शनने देतात. मध्यभागाच्या सुजेसाठी त्यांनी लेझरला मागे टाकले, यात वाद नाही. लेझर नजर घसरण्याचा वेग थांबवते, इंजेक्शनने अनेकांची नजर सुधारते. मध्यभागाची सूज असलेल्या रुग्णाला आज पहिला पर्याय म्हणून इंजेक्शन सांगितले जाते ते त्यामुळे.

नव्या वाहिन्यांच्या प्रकारात मात्र चित्र गुंतागुंतीचे आहे. अमेरिकेतील ‘प्रोटोकॉल एस’ या चाचणीने २०१५ मध्ये दाखवले की, दोन वर्षांनंतर इंजेक्शन घेणाऱ्यांची नजर लेझर केलेल्यांपेक्षा कमी नव्हती आणि कडेची नजरही अधिक टिकली. इथे लेझर निकालात निघाले असे अनेकांना वाटले. पण इंजेक्शनचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो. ते पुन्हा द्यावे लागते, तपासणी सुरूच ठेवावी लागते. त्याच चाचणीच्या पाच वर्षांच्या टप्प्यावर सुमारे एक तृतीयांश रुग्ण तपासणीला आलेच नाहीत. पाठपुरावा करणारी स्वतंत्र यंत्रणा असलेल्या चाचणीतली ही स्थिती.

मग जे येत नाहीत त्यांचे काय होते? फिलाडेल्फियातील डॉक्टरांनी २०१९ मध्ये अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांहून अधिक काळ न आलेल्यांमध्ये ज्यांना केवळ इंजेक्शन दिले होते त्यांची नजर लेझर झालेल्यांच्या तुलनेत बरीच खालावली होती आणि पडदा ओढला जाऊन सुटण्याचे प्रकारही त्यांच्यात अधिक होते. लेझरचा ठिपका कायमचा असतो, रुग्ण आला नाही तरी त्याचे काम चालू राहते.

आता हे बेंबळीच्या संदर्भात पाहा. रुग्णाला महिन्याला एकदा लातूर-सोलापूर करायचे, सोबत कोणी तरी हवे, दोघांची मजुरी बुडणार, एसटीचे भाडे वेगळे. सोयाबीनची काढणी किंवा पेरणी आली की तारीख हुकते. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. इतक्या महिन्यांत इंजेक्शनचा परिणाम केव्हाच संपलेला असतो. पुण्यातल्या नोकरदारासाठी योग्य ठरणारा उपचार इथे तसाच उचलून चालत नाही. अशा रुग्णाच्या डोळ्यात नव्या वाहिन्या दिसल्या तर आधी लेझर पूर्ण करून घ्यावे, सूज असेल तर जोडीला इंजेक्शन द्यावे, हाच सुरक्षित मार्ग. त्याला मागासलेला उपचार म्हणणे चुकीचे ठरेल.

प्रत्यक्ष लेझरच्या दिवशी काय होते?

भूल देऊन झोपवत नाहीत, दाखल व्हावे लागत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, मग डोळा बधिर करणारे थेंब. रुग्ण यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसतो, डोळ्यावर भिंग ठेवतात आणि हिरवे लखलखाट सुरू होतात. बैठक साधारण अर्ध्या तासाच्या आत संपते. काहींना काहीच जाणवत नाही, काहींना आत सुया टोचल्यासारखे दुखते. सहन होत नसेल तर तसे सांगावे. तीव्रता कमी करता येते, बैठक विभागता येते किंवा डोळ्याजवळ बधिर करण्याचे इंजेक्शन देता येते. दुखले म्हणून दुसऱ्या बैठकीला न येणे हे सर्वांत वाईट, कारण अर्धवट लेझरने वाहिन्या सुकत नाहीत.

त्या दिवशी स्वतः गाडी चालवून जाऊ नये. बाहुली काही तास मोठी राहते, ऊन सहन होत नाही, अंधुक दिसते. शुगरच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्याव्यात, जेवूनच जावे. उपाशीपोटी बोलावले असेल असे गृहीत धरून कित्येक मधुमेही न खाता येतात आणि रांगेतच त्यांची साखर उतरते.

‘लेझर केले आणि नजर गेली’ असे का ऐकू येते?

गावोगाव हे वाक्य ऐकायला मिळते आणि त्यामुळे रुग्ण मागे फिरतात. ते पूर्णपणे खोटे नसते, पण त्यातला क्रम उलटा असतो. रुग्ण येतो तोवर बहुतेकदा एका डोळ्यात रक्त उतरलेले असते, पडदा ओढला गेलेला असतो. त्या अवस्थेत लेझर झाले तरी आजार पुढे सरकतोच आणि दोष लेझरवर जातो. डोळ्यात रक्त जास्त असेल तर प्रकाश पडद्यापर्यंत पोहोचतच नाही. मग व्हिट्रेक्टॉमी ही मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. ती करणारे डॉक्टर आणखी थोडे, खर्च आणखी मोठा.

दुसरे असे की, लेझरने नजर वाढत नाही. आहे ती राखली जाते. चष्म्याचा नंबर बदलावा तसे लगेच स्वच्छ दिसेल या अपेक्षेने आलेला रुग्ण निराश होतो. चांगले दिसत असताना त्रासदायक उपचार घ्यायचा आणि नंतर आधीइतकेच, कदाचित काही दिवस जरा कमीच दिसणार, हे पटवून देणे सोपे नाही.

मोतीबिंदूच्या शिबिरांनी काय शिकवले आणि काय विसरायला लावले?

मराठवाड्यात डोळ्यांचे शिबिर म्हणजे मोतीबिंदूचे शिबिर. या शिबिरांनी हजारो वृद्धांना पुन्हा दिसू लागले. २०१७ मध्ये राज्याने मोतीबिंदूमुक्त महाराष्ट्र मोहीमही हाती घेतली. त्यातून एक सवय मात्र लागली. अंधुक दिसू लागले की ‘मोती आलाय, पिकू द्या, मग काढू’. मोतीबिंदूत थांबल्याने बहुधा फारसे बिघडत नाही, शस्त्रक्रियेनंतर नजर परत येते. पडद्याच्या आजारात थांबण्याची किंमत परत न येणारी असते. दोन्ही आजार एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात, ही आणखी अडचण. मधुमेहीचा मोतीबिंदू काढण्याआधी पडदा तपासला नाही तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही दिसत नाही, शिवाय मध्यभागाची सूज वाढू शकते. शिबिराच्या नोंदवहीत मात्र ती यशस्वी शस्त्रक्रियाच असते.

तपासणी गावातच होऊ शकते का?

होऊ शकते. पडद्याचा फोटो काढायला डॉक्टर लागत नाही, प्रशिक्षित तंत्रज्ञ पुरतो. फोटो दूरवर बसलेला तज्ज्ञ पाहू शकतो. इंग्लंडमध्ये २००३ पासून मधुमेहींच्या पडद्याचे नियमित फोटो काढण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. २००९-१० च्या आकडेवारीत इंग्लंड आणि वेल्समध्ये कामकरी वयातील अंधत्वाचे पहिले कारण म्हणून मधुमेहाचे नाव किमान पाच दशकांत पहिल्यांदा मागे पडले. अभ्यासकांनी त्याचे श्रेय मधुमेहाच्या चांगल्या नियंत्रणाबरोबर या तपासणीलाही दिले.

मुंबईतही यासंबंधीचे काम झाले आहे. पालिकेच्या दवाखान्यांत स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढून, इंटरनेटशिवाय चालणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने ते तपासण्याचा प्रयोग डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी केला. २०० हून अधिक रुग्णांवरील या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘जामा ऑप्थॅल्मॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. पुढे पाठवायला हवेत असे रुग्ण या प्रणालीने अचूक ओळखले. काहींना गरज नसताना पाठवले गेले, पण त्याचा तोटा मर्यादित.

तरीही यंत्र ही निम्मीच गोष्ट. फोटोत दोष दिसलेला माणूस लेझरच्या खुर्चीपर्यंत पोहोचला का, हे कोण पाहणार? शुगरच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला येणाऱ्या रुग्णाच्या कार्डावर ‘पडदा तपासणी’ अशी एक ओळ आणि तारीख असेल, ती आशा सेविकेच्या यादीत असेल, तर ते साधेल. क्षयरोगाच्या गोळ्यांसाठी घरापर्यंत जाणारी व्यवस्था याच गावांनी पाहिलेली आहे.

खर्चाचे काय?

राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून ती सुरू झाली. २०२३ मध्ये ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचा आणि संरक्षणाची मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. नेत्रविकारांचे उपचार तिच्या यादीत आहेत. मात्र कोणते रुग्णालय कोणत्या उपचारासाठी संलग्न आहे, हे निघण्याआधी विचारावे. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, शिधापत्रिका आणि आधार सोबत लागते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाची सुरुवात १९७६ मध्ये झाली. त्याचा भर दीर्घकाळ मोतीबिंदूवर राहिला तरी मधुमेहाच्या पडदाविकारासाठीही आता त्यात तरतूद आहे.

एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी मात्र कोणत्याच योजनेत बसत नाही.

कोणी, केव्हा तपासावे?

प्रौढपणी होणाऱ्या, म्हणजे टाइप २ मधुमेहात निदान झाले त्याच वर्षी. कारण निदान होते तेव्हा आजार कित्येकदा काही वर्षांचा जुना असतो. त्यानंतर वर्षातून एकदा. लहान वयात, इन्सुलिनवर असलेल्यांनी निदानापासून पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी करावी. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीने गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत पडदा दाखवावा, त्या काळात आजार झपाट्याने वाढू शकतो. मूत्रपिंडाचा त्रास, वाढलेला रक्तदाब किंवा रक्ताची कमतरता असेल तर धोका अधिक.

डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागली, पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर वर्षाच्या तारखेची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी निघायचे. आणि निघताना डॉक्टरकडे मागणी नेमकी करायची. ‘डोळे तपासा’ म्हटले की बहुतेक ठिकाणी चष्म्याचा नंबर तपासून मिळतो. ‘शुगर आहे, थेंब घालून पडदा बघा’, असे सांगावे लागते.